पहिली भाषा कोणती? ‘कैऱ्या झेल’ प्रकल्पाच्या नोंदी

३ एप्रिल २०२५

उन्हाळी सुट्टीतला गेम बनवण्याचा वर्ग, वय ९ ते १३. प्रश्न: मुलांना प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती शिकवायची? आठ संगणक, एकेकावर दोघं. सगळ्यांत ४ जीबी रॅम. सहांवर विंडोज १०, उरलेले दोन दुसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स आतलंच, वेगळं कार्ड नाही. इंटरनेट आहे, पण भरवसा नको. वीज दुपारी कधीही जाते, आणि यूपीएस फक्त दोन मशिनांना.

पालकांचं म्हणणं ठरलेलं: ‘पायथॉनच घ्या, पुढे कामाला येते.’ येते हे खरंच. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथॉनच आहे, आयसीएसईच्या दहावीला जावा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. पण दहा वर्षांच्या मुलाने आज पडद्यावर काय हलवायचं, हा प्रश्न निराळा आहे. त्याचं उत्तर अकरावीच्या अभ्यासक्रमातून काढलं की मूल तिसऱ्या दिवशी येणं बंद होतं.

म्हणून चर्चा न करता एकच खेळ प्रत्येक भाषेत बांधायचा असं ठरलं. खेळ ‘कैऱ्या झेल’. पडदा ४८० बाय ३६०. खाली टोपली, बाणाच्या कळांनी डावी-उजवीकडे. दर सेकंदाला वरून एक कैरी. झेलली की १ गुण, ३ सुटल्या की खेळ खलास. कळ दाबणं, हालचाल, टक्कर, गुण मोजणं आणि एकाच वस्तूच्या अनेक प्रती, एवढं सगळं यात येतं. शेवटचं मुद्दाम घेतलंय. एकच चेंडू इकडून तिकडे उडवायचा असेल तर सगळ्याच भाषा सोप्या वाटतात. खरा फरक पडद्यावर दहा कैऱ्या आल्यावर कळतो.

५ एप्रिल

यादी कापली.

युनिटी आणि अनरियल ही गेम बनवण्याची मोठी सॉफ्टवेअर बाद. ४ जीबी रॅममध्ये ती उघडेपर्यंत मुलं पाणी पिऊन येतील.

गोडो हेही तसंच सॉफ्टवेअर. चांगलं आहे, फुकट आहे, २०१४ पासून मुक्त स्रोत आहे, आणि त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट वळणाने पायथॉनसारखीच. अडचणी दोन. गोडो ४ ला सर्वांत हलक्या ‘कंपॅटिबिलिटी’ पद्धतीतही ओपनजीएल (पडद्यावर चित्रं काढण्याची प्रणाली) ३.३ लागतं, आणि त्या दोन जुन्या आय-थ्रींचा इंटेल एचडी चिप विंडोजवर ३.१ च्या पुढे जात नाही. ही अडचण मशीन बदलून सुटेल. दुसरी सुटणार नाही: पहिली ओळ लिहिण्याआधीच नोड, सीन आणि सिग्नल (वस्तू, त्यांची मांडणी आणि त्यांच्यातले निरोप) समजावे लागतात. दुसऱ्या वर्षी घेऊ.

सी++ आणि जावा यांत पडदा उघडण्याचीच तयारी इतकी की कैरी पडेपर्यंत आंबा पिकेल. बाद.

रोब्लॉक्सची लुआऊ ही भाषा मुलांना हवी असते, कारण तो खेळ ते खेळतात. पण तिथे खातं लागतं, इंटरनेट लागतं, आणि पहिल्याच दिवशी त्रिमितीत उभं राहावं लागतं. पहिली भाषा म्हणून नको.

उरल्या चार: स्क्रॅच, मेककोड आर्केड, जावास्क्रिप्ट (पी-फाइव्हसह), पायथॉन (पायगेम झीरोसह). पी-फाइव्ह आणि पायगेम झीरो म्हणजे त्या भाषांत चित्रं आणि हालचाल सोपी करून देणारे तयार संच.

७ एप्रिल: स्क्रॅच

एमआयटीच्या मीडिया लॅबमधली, २००७ पासूनची. टाइप न करता आज्ञांचे तयार ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायचा. सध्याची आवृत्ती ३, ती जानेवारी २०१९ ची. इंटरनेट नसलं तरी चालणारी डेस्कटॉप आवृत्ती विंडोज १० वर नीट बसली.

पडद्याचा मध्य शून्य-शून्य. एक्स उणे २४० ते २४०, वाय उणे १८० ते १८०, वर गेलं की वाय वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखंच, त्यामुळे वेगळं शिकवावं लागत नाही.

टोपलीचे नऊ ब्लॉक: हिरवा झेंडा, जागा ठरव, ‘फॉरएव्हर’ (सतत फिरत राहा), त्यात उजव्या बाणासाठी ‘इफ’ (जर) आणि एक्स १० ने वाढव, तसंच डाव्यासाठी. कैरीला मूळ चित्र लपवायचं, दर सेकंदाला क्लोन, म्हणजे त्याची प्रत, काढायचा, आणि क्लोनने वायमधून दर फेरीला ५ वजा करत खाली यायचं. सगळे मिळून पस्तिशीच्या आसपास ब्लॉक. कोलन, कंस, अवतरणचिन्ह यांपैकी काहीही टाइप करावं लागत नाही, आणि न जुळणारे दोन ब्लॉक एकमेकांत बसतच नाहीत. व्याकरणाची चूक करायला जागाच नाही. राहते ती विचारातली चूक, आणि शिकायचं असतं तेही तिच्यातूनच.

वेगाचा हिशेब फळ्यावर लिहून ठेवावा. स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम (पडद्याची चित्रं) काढतं आणि पडदा पुन्हा रंगवायचा असला की ‘फॉरएव्हर’ दर फ्रेमला एकदाच फिरतो. वाय १७० पासून उणे १७० पर्यंत ३४० एकक, दर फ्रेमला ५, म्हणजे ६८ फ्रेम, म्हणजे सव्वादोन सेकंद. मुलाला कैरी हळू हवी असेल तर त्याने ५ च्या जागी किती घालायचे, हा गुणाकार-भागाकार तो कुरकुर न करता करतो. गणिताच्या वहीत हेच उदाहरण असतं तर कुरकुर झाली असती.

८ एप्रिल: स्क्रॅच, मुद्दाम केलेल्या चुका

मुलं ज्या चुका हमखास करतात त्या आधी करून ठेवल्या. कारणं माहीत असली की वर्गात धावपळ होत नाही.

टोपली अडखळते. टोपी असलेला ‘अमुक कळ दाबल्यावर’ हा ब्लॉक वापरला की हे होतंच. कळ दाबून धरली तर टोपली एक पाऊल जाते, थबकते आणि मग सरकत सुटते. वर्डमध्ये अक्षर दाबून धरल्यावर होतं तेच, कारण तो कीबोर्डचा पुनरावृत्तीचा विलंब आहे. ‘फॉरएव्हर’मध्ये ‘इफ कळ दाबलेली आहे?’ असं विचारलं की हालचाल लोण्यासारखी.

एका कैरीला बारा गुण. गुण वाढवल्यानंतर क्लोन काढून टाकायला विसरलं की कैरी टोपलीतून आरपार जाते आणि प्रत्येक फ्रेमला टक्कर मोजली जाते. टोपली-कैरी मिळून ६० एककं एकमेकांवर असतील तर दर फ्रेमला ५ प्रमाणे १२ फ्रेम, म्हणून १२ गुण. मूल आधी खूश होतं, मग विचारात पडतं. ते विचारात पडेपर्यंत मदतीला जाऊ नये.

पाच मिनिटांनी कैऱ्या यायच्या बंद. आजचा सगळ्यात छान बिघाड हा. कैरी ३० एककं उंच. ‘वाय उणे २०० पेक्षा कमी होईपर्यंत पड’ असं लिहिलं होतं. पण स्क्रॅच चित्राला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, त्याचा काठ आत धरून ठेवतं. या आकाराची कैरी उणे १८० वरच अडकते. अट कधी खरी होत नाही, क्लोन तळाशी साचत जातात, आणि एका वेळी ३०० क्लोन ही स्क्रॅचची मर्यादा. सेकंदाला एक या हिशेबाने पाच मिनिटांत ती भरते आणि नवा क्लोन निमूटपणे नाकारला जातो. एरर नाही, काही नाही. उपाय: अट उणे १७० ठेवणे.

सगळ्या कैऱ्या एकदम वेग बदलतात. ‘वेग’ हा व्हेरिएबल (नाव दिलेला, बदलता येणारा आकडा) ‘सगळ्या स्प्राइटसाठी’ (स्प्राइट म्हणजे खेळातलं हलणारं चित्र) केला की नवी कैरी जो आकडा निवडेल तो सगळ्यांना लागतो. ‘फक्त या स्प्राइटसाठी’ निवडला की प्रत्येक क्लोनला स्वतःची प्रत मिळते. हा फरक इथे कळला तर पुढे पायथॉनमध्ये अर्धं काम सोपं.

एक व्यवहाराची गोष्ट: डेस्कटॉप आवृत्ती आपोआप सेव्ह करत नाही. वीज गेली की काम गेलं. दर दहा मिनिटांनी घंटा आणि सगळ्यांनी सेव्ह.

१० एप्रिल: मेककोड आर्केड

मायक्रोसॉफ्टचं, ब्राउझरमध्ये चालणारं. पडदा १६० बाय १२०, रंग १६ आणि त्यातला एक पारदर्शक. गुण, जीव, उलटी मोजणी हे सगळं तयार ब्लॉकमध्ये. वेग ‘सेकंदाला इतके पिक्सेल’ असा सांगायचा, हालचाल ते स्वतः करतं. खेळ स्क्रॅचच्या निम्म्या कष्टात झाला आणि दिसायलाही जुन्या व्हिडिओ गेमसारखा झोकात.

पण त्यातच गोम आहे. ‘जीव १ ने कमी कर’ म्हटल्यावर शून्य झाल्याचं ओळखणं आणि खेळ संपवणं हे परस्पर होतं. मुलाने ती अट लिहिलीच नाही. मोठा फायदा असा की वरचं बटण दाबलं की तेच ब्लॉक जावास्क्रिप्टमध्ये दिसतात. इंटरनेट पक्कं असतं तर स्क्रॅचनंतरची पायरी म्हणून हेच घेतलं असतं.

११ एप्रिल: जावास्क्रिप्ट

थोडक्यात: ब्राउझर आणि एक फाइल पुरते, मित्राला पाठवायला सर्वांत सोपी. पण चुकली की गप्प बसते. एक कंस कमी पडला आणि पडदा पांढरा, बाकी काही नाही. एरर पाहायला एफ-१२ दाबून कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) उघडायचा, हे मुलाला कुणी सांगायचं? नावातलं एक अक्षर चुकवून किंमत दिली तर साध्या पद्धतीत त्या चुकीच्या नावाचा नवा व्हेरिएबलच तयार होतो. आणि खेळाडूने टाइप केलेल्या ५ मध्ये १ मिळवला तर ५१ होतात, कारण तो आकडा मजकूर म्हणून आलेला असतो. पहिली म्हणून नको.

१४ एप्रिल: पायथॉन, पायगेम झीरो

थॉनी हा संपादक (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) घेतला. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला, नवशिक्यांसाठीच. पायथॉन त्याच्यासोबतच येते, वेगळी बसवावी लागत नाही. पायगेम झीरो ‘टूल्स’मधल्या पॅकेजच्या खिडकीतून बसवलं आणि ‘रन’ मेन्यूत ‘पायगेम झीरो मोड’वर खूण केली. ती राहिली तर खेळाची खिडकी उघडतच नाही.

ज्यांना वेगळी पायथॉन बसवायची असेल त्यांनी अगदी ताजी आवृत्ती घेऊ नये. पायगेमची तयार पॅकेजं तिच्या मागून येतात. तोवर पिप (पॅकेज बसवणारं साधन) ते पॅकेज मशीनवरच बांधायला जातो आणि लाल अक्षरांचा पूर येतो.

खेळ साधारण चाळीस ओळींत झाला. चित्रं शेजारच्या ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये, नावं इंग्रजी लहान लिपीत, मध्ये मोकळी जागा नाही.

गुणांनी पहिला दणका दिला. ‘अपडेट’ या दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनच्या (आज्ञांचा नाव दिलेला गट) आत गुण एकने वाढवायला गेलं की ‘अनबाउंड लोकल एरर’. कारण फंक्शनच्या आत किंमत दिली की पायथॉन त्या नावाला आतलं समजते आणि बाहेरचं गुण तिला दिसत नाही. ‘ग्लोबल’ लिहून सुटतं. पण मुलाला ‘ग्लोबल म्हणजे काय’ हे दुसऱ्याच दिवशी सांगण्यापेक्षा गुण टोपलीलाच चिकटवावेत: टोपली.गुण = ०, आणि पुढे टोपली.गुण वाढवत जायचं. टोपली ही बाहेरची वस्तू तशीच राहते, फक्त तिच्या खिशातला आकडा बदलतो. ग्लोबलची भानगड नाही.

दर सेकंदाला कैरी सोडायला पायगेम झीरोच्या घड्याळाला फंक्शनचं नाव द्यायचं असतं, कंसाशिवाय. कंस दिले की फंक्शन तिथेच एकदा चालतं, त्यातून मिळालेलं ‘काहीच नाही’ घड्याळाकडे जातं, आणि जी एरर येते ती वाचून मोठ्यांनाही कळत नाही. तक्त्यावर ठळक लिहायचं: घड्याळाला नाव द्या, कंस नको.

यादीतून कैरी काढताना त्याच यादीवर फिरत असलो तर पुढची कैरी त्या फेरीत वगळली जाते. इथे ती एक फ्रेम थबकते, डोळ्याला कळतही नाही. म्हणूनच पहिल्यापासून यादीच्या प्रतीवर फिरायची सवय लावायची.

१६ एप्रिल: देवनागरी नावं

पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. वेग, गुण, टोपली, सगळं चाललं. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी हे मोठं काम आहे: ‘इफ’, ‘फॉर’ वगैरे मोजके शब्द इंग्रजी, बाकी ओळ आपली.

मग यादीला ‘कैऱ्या’ नाव दिलं. एका मशीनवर चाललं, दुसऱ्यावर ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर’ अशी एरर. दोन्ही पडद्यांवर शब्द हुबेहूब तोच.

कारण आपल्या अर्ध्या र मध्ये आहे. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. यात सगळी अक्षरंच आहेत, पायथॉनला चालतात. काही फोनेटिक साधनं मात्र साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असं पाठवतात. युनिकोडमध्ये त्या चिन्हाचा क्रमांक २००डी. दिसायला दोन्ही सारखी, पण नावात अदृश्य चिन्ह पायथॉनला चालत नाही. स्क्रॅचमध्ये हा घोळ होत नाही. तिथे नाव ही नुसती पाटी, आणि ती पुन्हा टाइप न करता यादीतून उचलली जाते.

ठरलं: देवनागरी नावं वापरायची, पण त्यात ऱ्य, ऱ्ह नकोत. यादीचं नाव ‘फळं’. खेळाचं नाव ‘कैऱ्या झेल’ तसंच, कारण ते मुलांना आवडलंय आणि ते कोडमध्ये येत नाही.

खेळाच्या पडद्यावर मात्र मराठी मजकूर नीट उमटत नाही. पायगेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने चौकोन येतात. दुसरा फॉन्ट दिला तरी मात्रा आणि जोडाक्षरं सुटी पडण्याची भीती राहते. ‘खेळ खलास’ हे चित्र म्हणून काढून ठेवलं, पीएनजी फाइल. आकडे इंग्रजी.

१७ एप्रिल: मराठी आकडे

कालच्यावरून सुचलं म्हणून तपासलं. ‘मनातला आकडा ओळख’ हा खेळ मुलं दुसऱ्याच दिवशी करतात. खेळाडूने मराठी पाच टाइप केला तर?

स्क्रॅचला तो आकडा वाटतच नाही. त्यात १ मिळवला तर उत्तर १, कारण न समजलेली गोष्ट बेरजेत शून्य धरली जाते. तुलना करताना मात्र ती मजकूर म्हणून होते, आणि देवनागरी चिन्हाचा क्रमांक इंग्रजी आकड्यांपेक्षा मोठा असल्याने मराठी पाच हा इंग्रजी शंभरपेक्षाही मोठा ठरतो. खेळ प्रत्येक वेळी ‘लहान सांग’ म्हणत राहतो. मूल एकपर्यंत खाली येतं, तरी ‘लहान सांग’.

पायथॉन इथे शहाणी निघाली. ‘इंट’ला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) मराठी आकड्यांचा मजकूर दिला तर ती बरोबर पाच काढते. पण कोडमध्ये थेट मराठी पाच लिहिला तर एरर. आणि नावाच्या शेवटी मराठी दोन व इंग्रजी दोन लावले तर ती दोन वेगळी नावं. कोड लिहिताना आकडे इंग्रजीतच, हा नियम. या नोंदींत मात्र ते देवनागरीत आहेत, वाचणाऱ्याने बदलून घ्यावेत.

१९ एप्रिल: निर्णय

वर्गाची पहिली भाषा स्क्रॅच. पायथॉन दुसरी, त्याच सुट्टीत, पण सगळ्यांना नाही.

वयावरून गट पाडायचे नाहीत. चाचणी साधी: कागदावर पायथॉनची एक ओळ, तिच्यात कंस, अवतरणचिन्ह, अधोरेषा आणि शेवटी कोलन. ती बघून टाइप करायची. शिफ्ट कुठे लागते हे शोधण्यातच मिनिटं जात असतील तर त्या मुलाला पायथॉन आज अवघड नाही, कीबोर्ड अवघड आहे. त्याला टायपिंगचा सराव द्यावा आणि तोवर स्क्रॅचमध्ये खेळ बनवू द्यावेत.

स्क्रॅच पुरेनासं झाल्याच्या खुणाही लिहून ठेवल्या. एकाच स्प्राइटचे ब्लॉक दोन-तीन पडदे खाली गेलेत आणि मूल स्वतःच ‘माय ब्लॉक्स’ (आपले स्वतःचे ब्लॉक) बनवू लागलंय. यादी वापरतंय. ३०० क्लोनची भिंत लागली म्हणून तक्रार करतंय. यांतलं एकही नसताना ‘आता मोठी भाषा’ म्हणून पुढे ढकललं तर ते चाळीस ओळी नकलून काढतं आणि एकही बदलू शकत नाही.

२१ एप्रिल: स्क्रॅचमधून पायथॉनकडे जाण्याचा तक्ता

भिंतीवर लावायचा. पायगेम झीरोतही पडदा ४८० बाय ३६० च ठेवायचा, म्हणजे हिशेब सोपा.

पायगेम झीरोचा शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतो. जुन्या एक्समध्ये २४० मिळवा. जुना वाय १८० मधून वजा करा. टोपली उणे १४० वर होती, ती ३२० वर येते. कैरी पडताना वाय आता वाढतो. मुलं इथे पहिला तासभर उलटं करतात, कैरी वर उडून जाते. तक्त्याकडे बोट दाखवायचं, बाकी बोलायचं नाही.

फ्रेम सेकंदाला ६०. तोच ५ चा आकडा ठेवला तर कैरी दुप्पट वेगाने येते. अडीच करा.

दिशा: स्क्रॅचमध्ये ० म्हणजे वर, ९० म्हणजे उजवीकडे, वाढत्या कोनाने घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. पायगेम झीरोत ० म्हणजे चित्र जसं काढलंय तसं, आणि फिरणं काट्याच्या उलट. या खेळात लागत नाही, पुढच्या अंतराळयानाच्या खेळात लागेल.

२३ एप्रिल: पेन ड्राइव्ह

आठ पेन ड्राइव्ह, १६ जीबी. प्रत्येकात: स्क्रॅच डेस्कटॉप, थॉनी, पायगेम झीरो आणि त्याला लागणारी पॅकेजं आधी उतरवून ठेवलेली (त्या दिवशी इंटरनेट नसणार असं धरूनच), टोपली आणि कैरीची चित्रं, ‘खेळ खलास’ची पीएनजी, आणि ८ तारखेच्या चार बिघाडांच्या चार वेगळ्या फाइल. त्या दुरुस्त करणं हेच पहिल्या आठवड्याचं काम.

फायलीला मुलाचं नाव, तारीख आणि क्रमांक. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशी नावं चालणार नाहीत.

यूपीएस असलेली दोन मशिनं म्हणजे तीच जुनी आय-थ्री. स्क्रॅच त्यांच्यावर चालतं, पण क्लोन शंभरावर गेले की धापा टाकतं. यूपीएस दुसऱ्या दोन मशिनांना लावणे, बाकी.